परसबाग कोणी करायची आणि भाजी कोणी खायची?

संक्रांत होऊन गेली की दवाखान्यातली सर्दी-खोकल्याची गर्दी हळूहळू ओसरते. पहाटे अजून अंगावर शाल लागते, पण दुपारी पंखा लावावासा वाटतो. आंब्याला मोहोर आलेला असतो, आणि दरवर्षी नेमके याच सुमारास कोणीतरी रक्तदाब तपासून घेता घेता विचारते, "डॉक्टर, यंदा घरी थोडी भाजी लावावी म्हणतो. काय लावू?" मी कृषी पदवीधर नाही, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. पण दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत माझ्या सात-आठ गोण्या आणि दोन वेल असतात, ते लोकांनी पाहिलेले आहे. तेव्हा या आठवड्याचे सदर त्यासाठी.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एक सूनबाई दवाखान्यात आल्या होत्या. वय तिशीच्या आतले. जिना चढताना दम लागतो, डोके दुखते, केस गळतात अशा तक्रारी. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७.८ निघाले. स्त्रीचे ते १२ च्या खाली असले की आम्ही रक्तक्षय म्हणतो, आणि ८ च्या खाली तो तीव्र मानतो. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "पालेभाजी खाता का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "करते की रोज. उरली तर खाते."

सोबत सासरे होते. निवृत्त मुख्याध्यापक, सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणते. त्यांचा मधुमेह माझ्याकडेच. दिवसभर वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी पारावर गप्पा. मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "गुरुजी, तुमच्या गच्चीवर एवढी जागा आहे, घरचीच पालेभाजी लावा ना. सूनबाईंना ताजी भाजी आणि तुम्हाला व्यायाम!" सूनबाईंना लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या लिहून दिल्या आणि एका दगडात दोन पक्षी मारले म्हणून स्वतःवर खूश झालो.

होळीच्या आसपास सूनबाई पुन्हा आल्या, पहिल्यापेक्षा जास्त दमलेल्या. गोळ्यांनी मळमळते म्हणून त्यांनी त्या आठवड्यातच सोडल्या होत्या. बाग मात्र झाली होती. गुरुजींनी चाळीस कुंड्या आणल्या होत्या. त्यांत गुलाब, टोमॅटो, फुलकोबी, ढोबळी मिरची आणि कुठूनसे मिळालेले स्ट्रॉबेरीचे रोप. सकाळ-संध्याकाळ त्या चाळीस कुंड्यांना खालच्या नळावरून बादल्या भरून पाणी घालायचे काम कोणाकडे होते, ते सांगायला नकोच. ७.८ हिमोग्लोबिनच्या बाईला मी औषध म्हणून आणखी एक काम लावून दिले होते. कुंड्यांतले निम्मे तोवर वाळून गेले होते आणि उरलेले एप्रिलमध्ये गेले. गुरुजी म्हणाले, "आमच्या हाताला गुण नाही."

हाताला गुण नाही, ही नवशिक्याची नेहमीची समजूत. चूक हाताची नव्हती, काळाची आणि मापाची होती. फुलकोबी हे थंडीचे पीक. ते पावसाळ्याच्या अखेरीस लावायचे असते, माघात नव्हे. टोमॅटोचे फूल ऊन ३५ अंशांच्या पुढे गेले की गळू लागते. आणि ज्याने आयुष्यात तुळशीपलीकडे काही लावले नाही त्याने पहिल्याच वर्षी चाळीस कुंड्या घेऊ नयेत. पाच पुरे. पाचांतल्या चार जगल्या तर पुढच्या वर्षी दहा करता येतील.

आता काय करावे ते सांगतो. आधी जागा पाहा, कुंडी नंतर आणा. सुटीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि चार वाजता अंगणात किंवा गच्चीत जाऊन ऊन कुठे पडते ते बघावे. फळभाजीला निदान पाच-सहा तासांचे ऊन हवे. पालेभाजी तीन-चार तासांवरही भागवते. आपल्याकडे मार्चनंतर उलटा प्रश्न येतो, ऊन जास्त होते. तेव्हा चार काठ्यांवर जुनी सुती साडी दुपारपुरती ताणून बांधावी. बाजारात हिरवी जाळी मिळते, पण साडीने काम होते.

कुंडीच पाहिजे असे नाही. सिमेंटची किंवा तांदळाची रिकामी गोणी, तेलाचा डबा, फुटकी बादली, काहीही चालते. बुडाला भोके हवीत, कारण पाणी साचले की मूळ कुजते. पालेभाजीला वीतभर खोली पुरते, भेंडी-वांग्याला हात-सव्वा हात हवी. नुसती काळी माती भरू नका. ती ओली असता चिखल होते आणि सुकली की भेगाळते. एक घमेले पोयटा किंवा बागेतली माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक घमेले वाळू किंवा बारीक केलेले उसाचे पाचट, हे प्रमाण मला लागू पडले आहे. शेणखत कुजलेलेच हवे. हातात घेतल्यावर चहापत्तीसारखे मोकळे झाले पाहिजे आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. ताज्या शेणाने मुळे जळतात आणि हुमणीच्या अळ्या येतात. गच्चीवर ठेवणार असाल तर गोण्या विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळते आणि स्लॅब ओला राहत नाही. कठडा नसलेल्या गच्चीवर म्हाताऱ्या माणसाने पाण्याची बादली घेऊन वावरू नये. असले मोडलेले खुबे मी पाहिले आहेत.

बियाणे आणायला पहिल्या खेपेला दुकानात जायची गरज नाही, स्वयंपाकघरात जा. मेथ्या रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी पेरल्या की तीन-चार आठवड्यांत भाजी काढता येते. धने मात्र तळहाताने चोळून त्यांची दोन शकले करावीत आणि मग भिजवावेत. अखंड धना उगवायला वेळ लावतो. तरीही कोथिंबीर वर यायला आठ-दहा दिवस लागतात. "डॉक्टर, धने खोटे निघाले" म्हणून चौथ्या दिवशी माती उकरू नका. उन्हाळ्यात ती अर्ध्या सावलीत लावावी, नाहीतर लवकर फुलावर येते.

पण नवशिक्याने एकच गोष्ट लावायची असेल तर माझे मत तांदूळजाला. ही आपल्या मातीतली, ऊन सोसणारी आणि गरिबाला परवडणारी भाजी आहे. हॉटेलात मिळत नाही म्हणून तिला मान नाही एवढेच. बी खसखशीसारखे बारीक असते. ते मूठभर वाळूत मिसळून पसरावे, वरून मातीचा अगदी पातळ थर द्यावा आणि झारीने किंवा हाताने पाणी शिंपडावे. बादली ओतली तर सगळे बी एका कोपऱ्यात जाऊन बसेल. चार-पाच दिवसांत लालसर-हिरवे कोंब दिसतात. दाटी झाली की मधली रोपे उपटून काढावीत. ती फेकायची नसतात, तीच पहिली भाजी. पंचवीस-तीस दिवसांनी मातीपासून तीन बोटे ठेवून कापावे, म्हणजे पुन्हा फुटते. दोन गोण्या आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरल्या की एकीची भाजी संपेतो दुसरी तयार होते. हे अंतर ठेवायचे लोक विसरतात. सगळे एकाच दिवशी पेरतात, मग एका आठवड्यात शेजाऱ्यांना वाटतात आणि पुढचा महिनाभर बाजारातून आणतात.

थोडी हिंमत आली की भेंडी लावा. तिचे बी थंड मातीत रुसते, म्हणून जानेवारीच्या थंडीत घाई नको, फेब्रुवारीत पहाटेचा गारठा कमी झाल्यावर लावा. बी रात्रभर भिजवून एकेका जागी दोन टाकावीत आणि पुढे त्यातले जोमदार रोप ठेवावे. दीड-पावणेदोन महिन्यांत भेंडी सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर दोराचा सोट होतो. गवारीचेही असेच. दुधी, दोडका, काकडी यांना मांडव हवा. यांच्याबद्दल दरवर्षी एक तक्रार ठरलेली, "फुले येतात आणि गळून जातात." वेलाला आधी नरफुले येतात, ती गळणारच. मादीफुलाच्या मागे मुगाएवढे-बोटाएवढे इवलेसे फळ असते, ते नंतर येते. दुधीचे पांढरे फूल तर संध्याकाळी उमलते. मादीफुले येऊनही फळ धरत नसेल तर त्या वेळी नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलाला हलकेच लावावा. पाचवीतल्या मुलांना हे काम फार आवडते, आणि पुस्तकातला धडा एकदम कळतो.

अंगण असेल तर कडेला कढीपत्ता आणि सांडपाण्याच्या वाटेवर अळू व केळ ही आपल्या आजीची योजना अजूनही उत्तम आहे. फक्त भांडी घासलेले साबणाचे पाणी पालेभाजीच्या वाफ्यात सोडू नका. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी खुशाल घाला. शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी तीन-चार फूट कापून रोवली की जगते. त्याचा कोवळा पाला भाजीला उत्तम. पण शेवगा घराला लागून लावू नये. लाकूड ठिसूळ असते, मुले चढतात आणि पडतात, शिवाय पावसाळ्यात अंगाची आग करणारे सुरवंट येतात. शेवगा दारात नसावा असे जुनी माणसे म्हणत, त्यामागे हेच असावे.

पाणी किती घालावे? बोट मातीत दोन पेरे खुपसा. आत ओल लागली तर आज पाणी नको. नवशिक्यांची निम्मी झाडे तहानेने नाही, अतिप्रेमाने मरतात.

आता डॉक्टर म्हणून ज्या विषयावर मी आवाज चढवणार आहे तो. झाडावर मावा येणार, पाने अळी खाणार, हे धरूनच चाला. मावा पडला की शेजारचा कोणीतरी शेतातून उरलेले औषध बाटलीत घालून आणून देतो. हे ‘औषध’ घरात येऊ देऊ नका. आपल्याकडे विषाला औषध म्हणायची रीत पडली आहे आणि त्या एका शब्दाने किती माणसे गेली असतील याचा हिशेब नाही. एकदा रात्री साडेआठला एका पाच वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले. तोंडातून फेस, अंग घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. घरच्यांनी मिरचीच्या चार झाडांसाठी आणलेले कीटकनाशक थंड पेयाच्या बाटलीत घालून मोरीतल्या फळीवर ठेवले होते. मुलाला ते सरबत वाटले. जवळ होती तेवढी अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने देत मी त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. तो वाचला. चार मिरच्यांसाठी एवढा सौदा! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तर उघड्या रानात काम करीत होते. गच्चीवर, खिडकीजवळ, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी फवारणी करणाऱ्याने काय म्हणावे? एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. फोरेट आणि डायक्लोरोव्हॉसवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. तरी जुन्या बाटल्या आणि पुड्या माळ्यावर पडलेल्या असतात. या उन्हाळ्याच्या साफसफाईत त्या शोधा. मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलपात ठेवा आणि विल्हेवाटीसाठी कृषी सहायकाला विचारा.

मग माव्याचे काय करायचे? पाण्याची जोराची धार मारा, निम्मा मावा धुऊन जातो. उरलेल्यावर एक लिटर पाण्यात चमचाभर साधा साबण किसून विरघळवलेले पाणी संध्याकाळी शिंपडा. त्याहून जोरकस हवे असेल तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून फडक्यात बांधून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजत ठेवा आणि सकाळी पिळून, गाळून, किंचित साबण घालून फवारा. अळ्या असतील तर सरळ वेचून काढा, पाच गोण्यांना पाच मिनिटे लागतात. आणि चार पानांना भोके पडली तर पडू द्या. बाजारातली बिनभोकाची चकचकीत पाने पाहून मला तरी समाधान वाटत नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचे नाव आले. शाळेत न गेलेल्या या बाईने गावरान वाणांचे बियाणे जमवले आणि बायकांना परसबागा लावायला शिकवल्या. घरातला नातू सारखा आजारी पडू लागला, त्यावरून रासायनिक खते आणि फवारणीच्या भाज्यांबद्दल त्यांच्या मनात शंका आली आणि त्या या कामाला लागल्या, असे त्यांनी सांगितले आहे. त्या शंकेला मी डॉक्टर म्हणून पुराव्याचा शिक्का मारू शकत नाही. पण गावरान बी पुढच्या वर्षी पुन्हा उगवते, राखून ठेवता येते आणि शेजारणीला देता येते, हे सोपे शहाणपण आहे. एक भेंडी आणि एक दोडका झाडावरच वाळू द्या, पुढच्या वर्षीचे बी झाले. संकरित बियाण्यावर मात्र हा प्रयोग करू नका, त्याचे गुण पुढे तसेच उतरत नाहीत.

मातीत हात घालण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. पोरांना लस मिळते, गरोदर बायकांना मिळते. पण पन्नाशीच्या पुरुषाला शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नाही. दर दहा वर्षांनी एक घ्यावे. आता ते घटसर्पाच्या लशीसह ‘टीडी’ नावाने मिळते. मधुमेह्यांनी अनवाणी बागेत जाऊ नये. पायाला काटा लागलेला कळत नाही, आणि कळतो तेव्हा बोट काळे पडलेले असते. ज्या मोकळ्या जागेत माणसे शौचाला बसत आली आहेत तिथे तर कोणीच अनवाणी फिरू नये. अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि आपण इकडे रक्त वाढावे म्हणून पालेभाजी लावत बसतो.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी, झाडांसाठी भरून ठेवलेले उघडे पिंप आणि बाटलीतला मनीप्लँट ही डेंग्यूच्या डासाची बाळंतिणीची खोली आहे. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळे रिकामे करून, घासून, कोरडे करावे. विटांचा आणि कुंड्यांचा ढीग भिंतीशी रचून ठेवला की उन्हाळ्यात त्याखाली विंचू येतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि त्याने असंख्य जीव वाचले. विंचू चावल्यावर मांत्रिकाकडे वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. पण वीट उचलताना आधी काठीने सरकवली तर त्या वाटेला जावेच लागणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, बाजारात पालेभाजी स्वस्त मिळते की, असे कोणी म्हणेल. मिळते, आणि ती जरूर खा. पण शहराच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकलेली भाजी कोणती हे जुडीकडे पाहून कळत नाही. जन्मात मांस न खाल्लेल्या माणसाला फीट येते, मेंदूचा फोटो काढला तर आत फीतकृमीची गाठ दिसते, आणि घरचे चकित होतात. त्या कृमीची अंडी मैल्याच्या पाण्यातून कच्च्या भाजीवर आणि घाणेरड्या हातांनी पोटात जातात. शिजवलेल्या भाजीची भीती नाही. कोशिंबिरीवर भुरभुरवलेल्या कोथिंबिरीची आणि कांद्याच्या पातीची आहे. म्हणून कच्चे खायचे ते तरी घरचे असावे आणि तेही वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुतलेले असावे, असे माझे मत आहे.

आता रक्ताकडे वळतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आम्ही डॉक्टर मंडळी यावर लाल रंगाच्या टॉनिकच्या बाटल्या लिहून देतो. मीही दिल्या आहेत. पेशंटला इंजेक्शन किंवा बाटली मिळाल्याशिवाय उपचार झाल्यासारखे वाटत नाही, हे खरे असले तरी ती पळवाट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी लोहाची गोळी त्या बाटलीपेक्षा कामाची. मात्र उलट टोकाला जाऊन हिमोग्लोबिन सातवर आलेल्या बाईला "तांदूळजा खा, बरे वाटेल" म्हणून घरी पाठवणेही तितकेच वाईट. पालेभाजीतल्या लोहातले फारच थोडे शरीर उचलते. भाजीवर लिंबू पिळले तर ते प्रमाण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. रक्त खाली गेले असेल तर गोळ्या घ्यायलाच हव्यात, आणि पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर त्याचाही इलाज व्हायला हवा. भाजी चढलेले रक्त टिकवायला मदत करते, शिवाय तिच्यातून फॉलिक अ‍ॅसिड, अ जीवनसत्त्वाचा साठा आणि चोथा मिळतो. दोघा-तिघांनी मात्र बेताने घ्यावे. मुतखडा झालेल्यांनी पालक आणि अळू कमी खावे. हृदयाची कृत्रिम झडप वगैरे कारणाने वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमसारखी गोळी चालू असेल त्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू किंवा घटवू नये. गोळीचा परिणाम बदलतो.

पण ही सगळी भाजी ताटात कोणाच्या पडते? परसबाग म्हटली की सरकारी पत्रकापासून महिला मंडळापर्यंत सगळे ती बाईच्या पदरात टाकतात. तिने पेरायची, पाणी घालायचे, तोडायची, निवडायची, शिजवायची आणि शेवटी कढईला लागलेली पुसून खायची. हे मला मान्य नाही. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने बाग करावी. आपल्या घरांत वेळ आहे तो निवृत्त पुरुषाकडे, परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या मुलाकडे आणि संध्याकाळी टीव्ही आणि मोबाईलपुढे बसणाऱ्या कर्त्या माणसाकडे. मधुमेह्याला मी अर्धा तास चालायला सांगतो, ते त्याला कंटाळवाणे होते. माती खणणे, पाणी वाहणे, वाफे साफ करणे हा त्याहून बरा व्यायाम आहे, आणि त्यातून काहीतरी उगवते.

म्हणून दुसऱ्या वर्षी गुरुजींना मी पुन्हा बोलावले. सूनबाईंसमोरच म्हणालो, "गुरुजी, मागच्या वर्षी माझे चुकले. बाग तुम्ही करायची, पाणी तुम्ही घालायचे. भाजी तोडून, निवडून, धुऊन तुम्हीच द्यायची. आणि ज्या दिवशी घरची पालेभाजी असेल त्या दिवशी सूनबाई तुमच्याबरोबर जेवायला बसतील." गुरुजी काही बोलले नाहीत. मुख्याध्यापकाला असे सांगणारे कोणी भेटलेले नसावे. भाजी निवडणे हे ‘बायकी’ काम आहे असे त्यांच्या मनात होते, ते चेहऱ्यावर दिसत होते. तरी त्यांनी पाच गोण्या भरल्या. दोन तांदूळजाच्या, एक मेथीची, दोन भेंडीच्या. रिकाम्या चाळीस कुंड्यांतल्या बऱ्याच त्यांनी शाळेला देऊन टाकल्या.

सूनबाईंच्या गोळ्या बदलून दिल्या, त्या जेवणानंतर घेतल्यावर मळमळही कमी झाली. पाळीच्या त्रासासाठी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवले. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झाले. त्यातले बारा आणे श्रेय गोळ्यांचे आणि त्या तज्ज्ञ बाईंचे. उरलेले चार आणे कोणाचे ते मोजायचे यंत्र माझ्या दवाखान्यात नाही. गुरुजींची साखर मात्र त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आटोक्यात आली.

परवा सूनबाई मुलाला घेऊन आल्या होत्या. यंदा काय लावताय असे विचारले तर म्हणाल्या, "बाबांनी परवाच गोण्या पालथ्या करून माती उन्हात घातलीय." मग थोडे थांबून आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाजी निवडून देतात, पण देठं सगळी टाकून देतात हो. अर्धी भाजी कचऱ्यात जाते." तांदूळजाचे कोवळे देठ टाकू नयेत, बारीक चिरून भाजीत घालावेत, हे गुरुजींना चिठ्ठीवर लिहून पाठवले आहे.